शिडाच्या संशोधन-जहाजावर एक सत्र: शिक्षण की महागडी सहल?

वारणाकाठ (मंगळवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. ताईच्या घरी (सातारा, शाहूपुरी) सध्या रोज रात्री एकाच विषयावर खडाजंगी चालली आहे. दोन्ही बाजू मलाच फोन करतात, म्हणून हा धागा.

भाची अमेरिकेत पर्यावरणशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. तिला एक सत्र समुद्रावर काढायचंय. वुड्स होल इथं सी एज्युकेशन असोसिएशन म्हणून १९७१ पासूनची संस्था आहे. कॉर्विथ क्रेमर आणि रॉबर्ट सी. सीमन्स ही त्यांची शिडाची जहाजं. आधी किनाऱ्यावर वर्ग, मग काही आठवडे भर समुद्रात. पोरं जहाजही चालवतात आणि संशोधनही करतात म्हणे.

दाजींचं म्हणणं, "एवढी फी भरून पोरीला डेक घासायला पाठवायची?" ताईची काळजी निराळी: जेवणाचं काय, जागरणं किती, फोन लागणार का. भाची म्हणते जाणारच.

मी सांगलीचा, माझं पाण्याचं ज्ञान कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पूरपट्टीपुरतं. इथं कुणी असं जाऊन आलंय का? माहितीपत्रकातले फोटो पाहिलेत, निम्मे सूर्यास्ताचे आहेत. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ही पोरं नेमकं करतात काय, तेवढं सांगा.

भडंग_कांदा (९:१६)

सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत उलट्या.

(रुमाल टाकतोय, जाणकार येतीलच.)

शंकासुर (९:३१)

दाजींना माझा पाठिंबा. हल्ली अनुभवाच्या नावाखाली काहीही विकतात. समुद्राचा अभ्यास करायचा तर आज उपग्रह आहेत, आपोआप मापं घेणारे तरंगते फ्लोट आहेत. २०२० नंतरच्या जगात शिडाचं जहाज कशाला? हौस म्हणा की सरळ.

दक्षिणवारा (११:०२)

मी गेले होते. मूळची साताऱ्याची, सदर बझार. सीमन्सवर होते, होनोलुलू ते ताहिती. बरीच वर्षं झाली, बारीकसारीक नियम बदलले असतील, पण साचा तोच आहे.

वारणाकाठ, 'सकाळी उठल्यापासून' असं तिथं सांगता येत नाही, कारण तुम्ही सकाळीच उठाल याची खात्री नाही. विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या करतात आणि दिवसाचे पाच पहारे: सकाळी ७ ते १, १ ते ७, संध्याकाळी ७ ते ११, ११ ते ३, आणि पहाटे ३ ते ७. तुकड्या तीन, पहारे पाच, त्यामुळे वेळ रोज सरकते. आज सकाळी ७ ला लागलात तर रात्री ११ ला परत. उद्या दुपारी १ ला. परवा पहाटे ३ ला आणि त्याच संध्याकाळी ७ ला. चौथ्या दिवशी पुन्हा सकाळी ७.

पहाटेचा पहारा घेऊ. अडीच वाजता आधीच्या तुकडीतलं कुणीतरी उठवायला येतं. दिवा लावायचा नाही, शेजारच्या बंकवर माणूस झोपलेलं असतं. पडद्याबाहेरून नाव घेऊन हळू आवाजात सांगतात, "अडीच वाजलेत, तीनला तुझा पहारा. बाहेर गार आहे, पाऊस नाही, पण डेकवर पाणी उडतंय, रेनकोट घाल." तुम्ही नीट वाक्य बोलून उत्तर दिल्याशिवाय तो हलत नाही. झोपेत 'हो' सगळेच म्हणतात.

वर गेल्यावर अर्धी तुकडी डेकवर, अर्धी प्रयोगशाळेत. डेकवाल्यांपैकी एकजण सुकाणूवर, होकायंत्रावर नजर ठेवून. एकजण नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, टेहळणीला. आणि एकजण दर तासाला अख्ख्या जहाजाची फेरी मारतो. टॉर्च घेऊन पुढून मागेपर्यंत: तळाशी बिल्जमध्ये पाणी साठलंय का, इंजिनरूमचे काटे कुठं आहेत, कुठला दोर घासतोय का, काही जळाल्याचा वास येतोय का. मग वहीत नोंद: वाऱ्याची दिशा आणि जोर, लाटांची उंची, हवेचा दाब, आकाशाचे आठांपैकी किती भाग ढगांनी भरलेत. दर तासाला. रविवारीही.

प्रयोगशाळेचं काम उद्या लिहिते, आता डोळे मिटतायत. आणि दाजींना सांगा, डेक घासावा लागतोच. रोज. शिवाय भांडी, शिवाय संडास. आठवड्यातून एकदा सगळं जहाज आतून बाहेरून धुऊन काढतात, तेव्हा कॅप्टनच्याही हातात फडकं असतं.

पाळीतला_माणूस (बुधवार, सकाळी ६:४५)

गणित करून पाहिलं. तीन दिवसांत ६+४+६+४+४ म्हणजे २४ तास, सरासरी रोज ८ तास. मधली सुट्टी कधी १० तास, कधी ८, कधी १२. साखर कारखान्यात उभी हयात गेली आमची. पाळी आठवड्याला बदलायची तरी पहिले दोन दिवस पोट ठिकाणावर नसायचं. हितं तर रोजच बदलतीय. पोरगी तरुण आहे, निभंल. पण झोप ज्याला कुठंही लागते त्यानंच जावं, हे माझं मत.

निवृत्त_नाखवा (सकाळी १०:२०)

मी मर्चंट नेव्हीत होतो, आता कोरेगावला शेती बघतो. आमच्याकडे पहारा ठरलेला असतो: चार तास काम, आठ तास सुट्टी, वेळ महिनोन्‌महिने तीच. शरीराला ते बरं. ही सरकती पद्धत शिकवण्यासाठी ठेवलेली आहे, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला पहाटही मिळते आणि मध्यरात्रही. हेतू मान्य. पण पाळीतले भाऊ म्हणतात ते खरं आहे, पहिला आठवडा ही पोरं झोपाळलेलीच असणार, आणि झोपाळलेल्या माणसाने परातीएवढं चाक धरून जहाज सांभाळायचं म्हणजे शेजारी जागं माणूस हवंच. ते असतं का?

दक्षिणवारा (दुपारी १:०५)

नाखवा नाना, असतं. प्रत्येक पहाऱ्यावर एक व्यावसायिक मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) आणि एक सहायक वैज्ञानिक, दोघंही पगारी आणि अनुभवी. त्यांच्या वर कॅप्टन आणि मुख्य वैज्ञानिक. विद्यार्थ्यांवर जहाज टाकून कुणी झोपत नाही.

आता प्रयोगशाळा. दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास न्यूस्टन जाळं टाकायचं. तोंड एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, भोकं मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. जहाजाचा वेग दोन नॉटवर आणून ते अर्धा तास पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचं, म्हणजे एक सागरी मैल. शेवटी जे जमतं ते चाळणीवर घेऊन धुवायचं, चिमट्याने मोठे जीव आणि प्लॅस्टिक वेगळं काढायचं, उरलेल्याचं आकारमान मोजायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले शंभर जीव ओळखून नोंदवायचे.

शंभर म्हणजे काय मोठंसं? करून बघा. जहाज डोलतंय, बशीतलं पाणी डोलतंय, डोळा भिंगाला लावलाय, आणि तुम्ही बेचाळीसवर असताना एक कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातला बारीकसा जीव) टुणकन उडून मोजून झालेल्यांत जाऊन बसतो. माझी जोडीदारीण दर दहाला मोठ्यांदा आकडा म्हणायची, पाढे पाठ केल्यासारखी.

रात्रीचं जाळं दिवसापेक्षा भरगच्च येतं. दिवसा खोल अंधारात दडलेले जीव रात्री वर चरायला येतात, जगातल्या सगळ्या समुद्रांत रोज हे चालतं. त्यात कंदीलमासे सापडतात, पोटावर प्रकाशाचे ठिपके असलेले, बोटाएवढे. आणि हॅलोबॅटीस! ओढ्याच्या पाण्यावर लांब पायांनी पळणारे किडे असतात ना, त्यांच्याच कुळातला. किनाऱ्यापासून हजार मैल दूर भर समुद्रात राहणारा कीटक तोच काय तो.

भडंग_कांदा (१:१२)

म्हणजे ढेकूण घरात मोजा नाहीतर पॅसिफिकात.

आक्काबाई (२:४०)

माझी मुलगी बारावीला आहे, म्हणून वाचतेय. दक्षिणवारा, खरं सांगा, बोट लागते का? आमच्या हिला सांगली ते रत्नागिरी आंबा घाटात दोनदा गाडी थांबवावी लागते.

दक्षिणवारा (३:१५)

लागते, बहुतेकांना लागते. मलाही. दोनतीन दिवसांत शरीर सरावतं, क्वचित कुणाला जास्त वेळ लागतो. उपाय साधे: पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं काहीतरी चघळत राहायचं, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघायचं, डॉक्टरने दिलेली गोळी आधीच घ्यायची. खाली बसून पुस्तक वाचायला गेलात की संपलं. आणि ओकारी आली म्हणून पहारा चुकत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला नव्हे, वारा जिकडे जातो त्या बाजूला वाकायचं, तोंड पुसायचं, परत दोर धरायचा. कुणी हसत नाही, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो.

भडंग_कांदा (३:१८)

'कोरडं काहीतरी चघळत राहायचं.' मंडळी, सांगलीचं जागतिक महत्त्व आज सिद्ध झालं. पोरीबरोबर चार किलो भडंग पाठवा, मी पोस्टाचा खर्च देतो.

तासगावकरीण (संध्याकाळी ६:३०)

मी गोव्यात समुद्रविज्ञानात काम करते, माहेर तासगाव. आपल्याकडच्या संशोधन-जहाजांवर बऱ्याचदा गेले आहे. शंकासुर यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, म्हणून दोन गोष्टी.

आपल्याकडे सागर कन्या १९८३ पासून आहे, नंतर सागर निधी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची सिंधू साधना वगैरे. सगळी इंजिनाची. पीएचडीची मुलं त्यांवर जातात. पण तिथं कामाची विभागणी कडक: जहाज खलाशी चालवतात, आम्ही नमुने घेतो. सुकाणूला हात लावायचा प्रश्नच नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मला तेच योग्य वाटतं. ज्या मुलीने पहाटे तीन ते सात शिडं ओढली, तिने दुपारी केलेल्या रासायनिक चाचणीवर मी दोनदा नजर टाकेन. शिवाय १३४ फुटी जहाजावर अवजड उपकरणं मावत नाहीत. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीत जवळजवळ प्राणवायू नसलेला पाण्याचा जाड थर आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्याचा बारकाईने अभ्यास करायचा तर मोठं जहाज आणि खोल जाणारी यंत्रणाच लागते.

म्हणून हे सत्र संशोधक घडवतं असं मी म्हणणार नाही. माप कसं जन्माला येतं हे दाखवतं, एवढं म्हणेन.

शंकासुर (६:५२)

बघा, तज्ज्ञच म्हणताहेत. विद्यार्थ्यांनी झोपेत मोजलेल्या किड्यांचं पुढे कोण काय करणार? रद्दी.

तासगावकरीण (७:२०)

थांबा, तसं मी म्हटलेलं नाही. १९८६ ते २००८ या २२ वर्षांत याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी उत्तर अटलांटिकमध्ये आणि कॅरिबियनमध्ये सहा हजार शंभरहून जास्त वेळा ते जाळं ओढलं. चिमट्याने वेचलेले प्लॅस्टिकचे तुकडे चौसष्ट हजारांच्या वर. त्यावरचा कारा लॅव्हेंडर लॉ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये आला. अटलांटिकच्या मधोमध, साधारण २२ ते ३८ अंश उत्तर अक्षांशांत, प्रवाहांच्या मोठ्या चक्रात प्लॅस्टिक गोळा होतं, हे त्यातून नकाशावर आलं.

गंमत पुढेच आहे. त्या काळात जगात प्लॅस्टिकचं उत्पादन भरमसाट वाढलं, पण तिथल्या पृष्ठभागावरच्या तुकड्यांत ठळक वाढ दिसली नाही. मग बाकीचं जातं कुठे? तळाशी, आणखी बारीक होऊन जाळीतून निसटून, की जीवांच्या पोटात? त्या प्रश्नावर आजही काम चालू आहे. सरकारी मोहिमा बावीस वर्षं तेच जाळं त्याच पद्धतीने क्वचितच ओढत राहतात, अनुदान संपतं. विद्यार्थी दरवर्षी नवे येतात, म्हणून जाळं पडत राहतं. उपग्रहाला मिलिमीटरचा तुकडा दिसत नाही, हेही जाता जाता.

शंकासुर (७:२८)

हे माहीत नव्हतं. रद्दी शब्द मागे. फीचा मुद्दा कायम.

चारभिंती (रात्री ८:४४)

अवांतर होईल, पण साताऱ्याच्या माणसाला पाण्यातलं काय कळतं असा सूर दिसतोय म्हणून लिहितो. शाहू महाराजांची राजधानी इथं होती तेव्हा आरमाराचा कारभारही इथल्या दरबाराशी बांधलेला होता. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहूंच्या बाजूला आणलं, त्यावर पुढचं किती राजकारण उभं राहिलं! नौदलाची आयएनएस तरंगिणी ही तीन डोलकाठ्यांची नौका तर गोव्याला बांधलेली, १९९७ पासून सेवेत, २००३-०४ ला तिने जगप्रदक्षिणा केली. नंतर सुदर्शिनी आली. शिडावर शिकवण्याची परंपरा आपल्याकडेही आहे, फक्त ती कॅडेटांसाठी आहे, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. नसावी का? यावर कुणी बोलेल का?

पाळीतला_माणूस (९:०३)

सांगलीत कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात त्या बघा एकदा. डिग्रज, कवठेपिरान, सांगलीवाडीची पोरं वल्ही मारत्यात ते. आमाला पाणी शिकवू नका म्हणावं. २०१९ ला आयर्विनला सत्तावन फुटांवर पाणी गेलं, धोक्याची पातळी ४५. होडीतनं दूध वाटलंय आमी.

वारणाकाठ (९:३०)

पाळीतले काका, मान्य. पण धागा पुरावर गेला तर परत येणार नाही. ताईचा प्रश्न राहिलाय: जेवण. भाची शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि आईने (म्हणजे भाचीच्या आजीने) वेगळाच पेच टाकलाय: ती एकादशी धरते. यांचं सीमन्स जहाज न्यूझीलंडकडून पूर्वेला परत येतं तेव्हा वाररेषा ओलांडतात म्हणे, मग तोच वार पुन्हा येतो. एकादशी दोनदा धरायची का?

वाईचा_घाट (१०:१५)

आजींना नमस्कार सांगा, प्रश्न फर्स्टक्लास आहे. उत्तर: नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाररेषा ओलांडली की तारीख आणि वार पुन्हा येतात, कारण ते माणसांनी ठरवलेले आहेत. तिथी ठरते चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावरून, दर १२ अंशांना एक तिथी. जहाजाने रेषा ओलांडली म्हणून चंद्र मागे जात नाही. मात्र उपास धरायचा दिवस स्थानिक सूर्योदयाला कोणती तिथी आहे त्यावरून ठरतो, तेव्हा दाते पंचांगातला सांगलीचा दिवस तिथं जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. भाचीला सेक्स्टंट (आकाशातले कोन मोजायचं साधन) शिकवतातच, तिने चंद्र-सूर्याचा कोन मोजावा आणि आजींना कळवावं.

भडंग_कांदा (१०:१७)

साबुदाणा भिजवायला गोडं पाणी मिळेल का हा खरा प्रश्न.

दक्षिणवारा (१०:५०)

हसून पुरेवाट. साबुदाण्याचं माहीत नाही, पण शाकाहारी आहे हे आधी लिहून दिलं की सोय होते. स्वयंपाकी (तिथं स्टुअर्ड म्हणतात) दिवसाला सहा वेळा खायला काढतो: तीन जेवणं, तीन मधल्या वेळचं, त्यात मध्यरात्रीचंही आलं. कारण कुठलीतरी तुकडी कायम उपाशी उठलेली असते. पाळीपाळीने एक विद्यार्थी दिवसभर त्याच्या हाताखाली. माझ्या वाट्याला आलेल्या दिवशी मी डाळ-भात आणि बटाट्याची भाजी केली. उकळत्या भांड्याला चुलीवर आडव्या पट्ट्या लावून जखडावं लागतं. फोडणीला मोहरी तडतडली तसं जहाज कललं आणि मोहरी चुलीवर, भिंतीवर, माझ्या बाहीत. भात मात्र झाला.

जेवायची टेबलं लोंबती असतात. जहाज कललं तरी टेबल सपाट राहतं. फक्त बाक जहाजाबरोबर कलतो, त्यामुळे ताट कधी गुडघ्याशी असतं तर कधी हनुवटीशी, असं वाटतं. पहिल्या दिवशी एकच नियम घोकून घेतात, टेबलावर कोपर टेकायचं नाही. एकाने टेकलं की टेबल तिरकं आणि समोरच्या तिघांचं सूप मांडीवर.

आंघोळ रोज नाही, गोडं पाणी मोजून. फोन मला लागत नव्हता. जहाज कुठं आहे ते किनाऱ्यावरच्या ऑफिसला कळत असतं, आईला तेवढ्यावर भागवावं लागलं.

तासगावकरीण (गुरुवार, सकाळी ९:१०)

दक्षिणवारा, तुमच्या मार्गावर विषुववृत्त ओलांडलं असणार. तिथलं तापमान पाहिलंत का? मी पुस्तकातच वाचलंय, तो भाग स्वतः मोजलेला नाही.

दक्षिणवारा (दुपारी १२:३०)

पाहिलं! तेच लिहायचं राहिलं होतं. विषुववृत्ताकडे जाताना पाणी तापत जाणार असं सगळ्यांनी धरलेलं. तासातासाच्या नोंदीत ते चढलंही. मग विषुववृत्त जवळ आलं तसं आकडे उतरायला लागले. रात्री अकराच्या तुकडीला वाटलं यंत्र बिघडलं, त्यांनी बादलीने पाणी काढून साध्या तापमापीने तपासलं. बरोबर होतं. व्यापारी वारे आणि पृथ्वीचं फिरणं यांमुळे पृष्ठभागाचं पाणी विषुववृत्तापासून दोन्हीकडे सरकतं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. वर्गात हे फळ्यावर झालेलं होतं, परीक्षेत लिहूनही झालेलं. पण मेटने कारण सांगितलं नाही, "तुम्हीच बघा" म्हणून गप्प बसला, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात आम्ही भांडलो. खालून आलेल्या पाण्यात पोषकद्रव्यं जास्त असतात, त्यामुळे जाळंही जड यायला लागलं.

खोलवरचं पाणी तपासायला जहाज थांबवून सीटीडी सोडायचा. लोखंडी चौकटीला गोल लावलेल्या, नमुन्याचं पाणी धरणाऱ्या निस्किन बाटल्या आणि मधोमध क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र. शिडं एकमेकांविरुद्ध लावली की इंजिनाशिवायही जहाज जवळपास जागच्या जागी राहतं. शिडाचा इथं खरा उपयोग होतो, शंकासुर. तार खाली जाते, हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. चौकटीला जाळीच्या पिशवीत थर्माकोलचे कप बांधतो, नावं लिहून. हजार मीटरवर दाब शंभर पट. कप वर येतात तेव्हा अंगठ्याएवढे, अक्षरांसकट आकसलेले.

वाईचा_घाट (१:४४)

दक्षिणवारा, ध्रुवताऱ्याचं सांगा की. होनोलुलू २१ अंशांवर.

दक्षिणवारा (२:२०)

हो, ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे साधारण आपला अक्षांश. होनोलुलू सोडलं तेव्हा तो २१ अंशांवर, मग रोज खाली. साडेसतराच्या जवळ आला त्या संध्याकाळी मी मेटला सांगितलं की आमच्या घराच्या गच्चीवरून तो एवढाच वर दिसतो. सांगलीकरांना आणखी पाऊण अंश खाली. त्यानंतर क्षितिजाजवळच्या धुरकटपणात तो गेला तो गेलाच. ताहितीचं पापीते दक्षिणेला साडेसतरावर आहे, साताऱ्याचा जवळजवळ आरसाच.

सेक्स्टंट हातात धरायला सोपा, पण डोलत्या डेकवरून तारा क्षितिजाला टेकवायला कसरत. एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोन चुकला की एक सागरी मैल, १८५२ मीटर. माझे पहिले आकडे जहाजाला डोंगरावर नेऊन ठेवायचे.

शाहूपुरीकर (संध्याकाळी ७:३५)

नवीन सदस्य. मीच ते दाजी. मेहुण्यांनी दुवा पाठवला. डेक घासण्याबद्दल माझा आक्षेप आता नाही. फीचं आहे. बँकेत नोकरी केली, त्यामुळे सरळ विचारतो: या सत्रातून हाती काय लागतं? दक्षिणवारा, तुम्ही आज काय करता आणि त्यातलं किती तिथून आलं?

दक्षिणवारा (९:००)

काका, मी पुण्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. नोकरी त्या सत्रामुळे मिळाली नाही, एम.एस्सी.मुळे मिळाली. तिथून आलं ते एवढं: एकदा आमच्या पहाऱ्यात दाबाची नोंद राहिली. मागचा आणि पुढचा आकडा सारखाच होता, मधे तोच लिहिला असता तर कुणाला कळलं नसतं. मेटने वही समोर ठेवली आणि रिकाम्या जागी आडवी रेघ मारायला लावली, शेजारी पहाऱ्याचं नाव. आज माझ्या हाताखालची मुलं नमुना चुकला की अंदाजे आकडा भरतात, तेव्हा त्यांना मी तीच रेघ मारायला लावते.

निवृत्त_नाखवा (९:४०)

साहेब, शेवटच्या टप्प्यात विद्यार्थ्याला ज्युनिअर वॉच ऑफिसर करतात. म्हणजे मेट मागे गप्प उभा, आणि शीड कधी उतरवायचं, कुणाला कुठं पाठवायचं, कॅप्टनला कधी उठवायचं हे वीस वर्षांच्या पोराने ठरवायचं. कॅप्टनला मध्यरात्री उठवायचा निर्णय घेणं सोपं नसतं. आमच्याकडे हे यायला कितीतरी वर्षं लागायची. फी जास्त आहे, पण माल खोटा नाही. कर्ज काढून मात्र पाठवू नका. तिथं विद्यार्थ्यांना आर्थिक मदतही मिळते, आधी तिचा अर्ज करायला लावा.

शंकासुर (९:४८)

फीच्या मुद्द्यावर नानांशी सहमत, हे लिहिताना बोटं थरथरतायत.

आक्काबाई (१०:०५)

आणि पोहता आलं पाहिजे का?

दक्षिणवारा (१०:२२)

आलेलं बरं, पण पाण्यात पडायचंच नाही हा मुख्य धडा. वारा वाढला की हार्नेस कमरेला, त्याची कडी जहाजाला. डोलकाठीवर चढतानाही तेच. पहिल्याच दिवसांत माणूस पाण्यात पडल्याची कवायत होते.

काका, दोन कामं आधी करा. सत्राची क्रेडिटं तिच्या पदवीत कोणत्या विषयाखाली धरणार हे कॉलेजच्या सल्लागाराकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर अमेरिकेत परत शिरताना तिचा विद्यार्थी-व्हिसा आणि आय-२० (परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला) दोन्ही चालू हवेत. आय-२० वर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची प्रवासासाठीची सही लागते. आमच्या बरोबरच्या एका ब्राझीलच्या मुलाचं हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं आणि सगळी धावपळ झाली.

शाहूपुरीकर (शुक्रवार, सकाळी ८:१५)

रात्री तिला फोन केला. क्रेडिटचं लेखी मागवलंय म्हणाली. आर्थिक मदतीचा अर्ज अर्धा भरून ठेवलेला होता, मला सांगितलं नव्हतं. आय-२० वर सही आहे का विचारलं, तर नाही. सोमवारी त्यांचं कार्यालय उघडलं की घेते म्हणते.